दफ्तरे अनेक, प्रश्न एक

शेतकऱ्याच्या तोंडी नित्य येणारा 'सातबारा' हा शब्द वस्तुतः दोन स्वतंत्र पत्रकांच्या जोडणीचे नाव आहे, ही गोष्ट तो शब्द उच्चारणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानी असते. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेखाचे पत्रक. जमीन कोणाच्या नावे आहे, कोणत्या धारणापद्धतीने आहे, तिच्यावर कोणाचा बोजा आहे, हे ते सांगते. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही; त्या जमिनीत कोणत्या हंगामात काय पेरले आणि किती क्षेत्र पडीक राहिले, हे ती सांगते. दोहोंचा हेतू वेगळा आणि त्यांतील नोंदी पालटण्याचा काळही वेगळा. तरीसुद्धा भूमापन क्रमांक व उपविभाग या एका सामाईक रकान्याच्या आधारावर दोन्ही एकाच कागदावर वरखाली येतात आणि पाहणाऱ्यास एकच उतारा हाती आल्यासारखे वाटते. नमुना सातमध्ये नावापाशी वर्तुळात लिहिलेला आकडा नमुना सहामधील, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीतील, क्रमांकाकडे बोट दाखवितो. आणि एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनींची बेरीज हवी असली तर नमुना आठ-अ उघडावा लागतो. आज संगणकशास्त्रात ज्यांना तक्त्यांची जोड, परकीय की आणि गटवार बेरीज म्हणतात, ते तीनही व्यापार आपल्या तलाठ्याच्या दफ्तरात संगणक येण्यापूर्वी कितीतरी वर्षे शाईने चालू होते.

ही जोड सुकर होती, याचे कारण दोन्ही पत्रके एकाच तलाठ्याच्या ताब्यात, एकाच गावच्या हद्दीपुरती आणि एकाच शिरस्त्याने लिहिलेली असत. परंतु खरेदीखताचा अमुक दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदला गेला, त्याचा अंमल अधिकार अभिलेखात झाला काय, आणि त्यातील क्षेत्र मोजणीच्या नकाशाशी जुळते काय, असे ज्या दिवशी विचारावे लागते, त्या दिवशी प्रश्न एक आणि मालक तीन अशी अवस्था होते. नोंदणी व मुद्रांक विभाग, महसूल विभाग आणि भूमी अभिलेख विभाग यांपैकी प्रत्येकाचा डेटाबेस आपल्या परीने चोख असू शकतो, आणि तरीही तिघांना मिळून विचारलेल्या साध्या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसते. अनेक रिलेशनल डेटाबेसांना मिळून एकच पृच्छा कशी करावी, हा विषय जवळजवळ पन्नास वर्षे शास्त्रज्ञांच्या विचाराधीन आहे. त्या विचाराचा, त्यातून निघालेल्या साधनांचा आणि अद्याप न सुटलेल्या गाठींचा आढावा येथे घ्यावयाचा आहे.

एडगर कॉड या इंग्लंडात जन्मलेल्या गणितज्ञाने, आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत असता, १९७० च्या जून महिन्यात जो सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच 'मोठ्या सामाईक माहितीपेढ्यां'चा उल्लेख होता. माहिती तक्त्यांच्या रूपाने मांडावी, आणि विचारणाऱ्याने काय हवे एवढेच सांगून ते कोठे व कसे साठविले आहे याची चिंता यंत्रावर सोपवावी, हा त्याचा मथितार्थ. १९७४ साली डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या विचाराला बोलीचे रूप दिले, तीच पुढे एसक्यूएल या नावाने जगभर पसरली. पण कॉडच्या मनातील 'सामाईक' हा शब्द एका पेढीच्या अनेक ग्राहकांना उद्देशून होता. प्रत्यक्षात घडले ते असे की पेढ्याच अनेक झाल्या. प्रत्येक खात्याचा अर्थसंकल्प निराळा, कंत्राटदार निराळा आणि यंत्र घेतल्याचे साल निराळे. दोन बँकांचे विलीनीकरण झाले की हिशेबाच्या दोन प्रणाली एका छपराखाली नांदू लागत. आणि काही माहिती तर कायद्यानेच ज्याच्या त्याच्याकडे ठेवणे भाग असे. अनेकतेला अज्ञान किंवा आळस कारण झाला नाही, तर कामाच्या वाटणीतूनच ती उपजली, हे आरंभीच मान्य केले म्हणजे पुढील पुष्कळसे गैरसमज टळतात.

या क्षेत्रातील मूळ पेच क्रिस डेट यांनी १९८७ साली, कदाचित नकळत, एका यादीत नोंदवून ठेवला. विभागलेल्या डेटाबेसाचे बारा नियम त्यांनी सांगितले आणि त्यांच्याही आधी एक शून्यावा नियम ठेवला: वापरणाऱ्याला ही सारी विभागलेली व्यवस्था अविभक्त असल्यासारखीच दिसली पाहिजे. त्यापाठोपाठ येणारा पहिलाच नियम असा की प्रत्येक ठिकाणाने आपल्या माहितीवर आपली हुकमत राखावी. एकत्र कुटुंबासारखे दिसावे आणि चुली मात्र स्वतंत्र असाव्यात, अशा या दोन मागण्या आहेत, आणि त्यांची ओढाताण हाच या विषयाचा इतिहास होय. १९९० मध्ये अमित शेठ आणि जेम्स लार्सन यांनी आपल्या विस्तृत समीक्षणात या अडचणीचे तीन अंगांनी पृथक्करण केले: माहिती अनेक ठिकाणी असणे म्हणजे विभागणी, ती निरनिराळ्या रीतीने लिहिलेली असणे म्हणजे विषमता, आणि ती निरनिराळ्या धन्यांच्या अखत्यारात असणे म्हणजे स्वायत्तता. माझ्या मते या तीन अंगांवरील प्रगती मुळीच सारखी नाही. विभागणीवर बहुतांशी मात झाली आहे, विषमतेवर अर्धीमुर्धी. आणि स्वायत्ततेवर मात करावी ही आकांक्षाच अयोग्य होती, हे उमगण्यास फार वर्षे लागली.

विभागणीचा प्रश्न पहिल्यांदा हाती घेतला गेला, कारण तो गणिताच्या कक्षेत येण्यासारखा होता. समजा, पुण्यातील डेटाबेसात ५०० व्यक्तींची यादी आहे आणि नागपुरातील डेटाबेसात एक कोटी नोंदींचा तक्ता आहे, प्रत्येक नोंद २०० बाइटांची. पुण्याच्या यादीतील व्यक्तींची नागपूरची माहिती हवी. तक्ताच पुण्यास आणावा म्हटले तर दोन अब्ज बाइट वाहून न्यावे लागतील. सेकंदाला दहा कोटी बिट वाहणाऱ्या तारेवरून त्यास १६० सेकंद लागतील. उलट पुण्याहून ५०० ओळख-क्रमांक तेवढे नागपुरास पाठविले, आणि तेथे जुळलेल्या ५०० नोंदीच परत मागविल्या, तर एकूण प्रवास लाखभर बाइटांचा होतो व तो सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास आटोपतो. या युक्तीला अर्धजोड म्हणता येईल. अमेरिकेतील केंब्रिज येथील कॉम्प्युटर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या संस्थेत एसडीडी-१ नावाची जी विभागलेली प्रणाली उभारली गेली, तिच्या कर्त्यांनी या युक्तीचा सांगोपांग अभ्यास केला. माहितीला प्रश्नाकडे न ओढता प्रश्नालाच माहितीकडे धाडावे, हे सूत्र तेव्हापासून या विद्येत रुजले, आणि आजच्या सर्व साधनांची पारख याच निकषावर होते.

सॅन होजे येथेच आयबीएमच्या मंडळींनी १९८० च्या दशकाच्या आरंभी 'आर-स्टार' नावाचा प्रयोग केला, त्याच्या दोन गोष्टी मला विशेष मोलाच्या वाटतात. पहिली नामकरणाची. कोणत्याही तक्त्याचे संपूर्ण नाव तयार करताना त्यात तो तक्ता ज्या ठिकाणी जन्मला त्या ठिकाणाचे नाव गोवले जाई, आणि पुढे तो तक्ता दुसऱ्या यंत्रावर हलविला तरी नाव पालटत नसे. जन्मस्थानी मात्र तो सांप्रत कोठे आहे याची नोंद राही. आपल्याकडे तीन पिढ्या मुंबईत राहिलेले घराणेही संगमनेरकर किंवा सावंतवाडकरच राहते, आणि मूळ गावी विचारले असता ते लोक कोठे गेले हे कोणीतरी सांगू शकते, तशीच ही योजना आहे. मध्यवर्ती नोंदवहीची गरज न ठेवता नावांचा घोळ मिटविण्याचा याहून सुटसुटीत उपाय क्वचितच सापडेल. दुसरी गोष्ट नम्रतेची. लोथर मॅकर्ट आणि गाय लोहमन यांनी १९८६ साली या प्रणालीवर मोजमापे केली, तेव्हा असे आढळले की पुष्कळ प्रसंगी जुळणाऱ्या नोंदी एकेक करून मागविण्यापेक्षा संपूर्ण तक्ता एकदाच उचलून आणणे स्वस्त पडते, आणि तारेवरील खर्चाबरोबर यंत्राच्या आतील खर्चही हिशेबात धरावाच लागतो. सूत्र कितीही सुंदर असले तरी प्रत्येक पृच्छेचा खर्च नव्याने मांडावा लागतो, ही जाणीव त्या प्रयोगाने दिली.

विषमतेचा प्रांत अधिक काटेरी आहे. त्यातील बाह्य भाग, म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांच्या डेटाबेसांशी बोलण्याची सोय, पुष्कळ अंशी साधला. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी पुढे आणले आणि एकाच पद्धतीने निरनिराळ्या डेटाबेसांची दारे ठोठावता येऊ लागली. ओरॅकलमध्ये 'डेटाबेस लिंक', एसक्यूएल सर्व्हरच्या १९९८ च्या सातव्या आवृत्तीत 'लिंक्ड सर्व्हर', मायएसक्यूएलमध्ये 'फेडरेटेड' तक्ते, आणि खिशातल्या फोनपर्यंत पोहोचलेल्या एसक्यूलाइटमध्ये दुसरी फाइल शेजारी जोडून घेण्याची आज्ञा (मूळ मांडणीत एका वेळी दहा फायलींपर्यंत), अशी ज्याची त्याची सोय झाली. २००१ साली एसक्यूएलच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाला 'बाह्य माहितीचे व्यवस्थापन' हा नववा भाग जोडला गेला आणि परक्या तक्त्याला आपल्या घरच्या तक्त्यासारखे नाव देण्याची रीत निश्चित झाली. पोस्टग्रेसने ती रीत मनावर घेतली: २०११ च्या ९.१ आवृत्तीत परके तक्ते वाचता येऊ लागले, २०१३ च्या ९.३ मध्ये त्यांत लिहिता येऊ लागले, आणि २०१६ च्या ९.६ पासून दोन्ही तक्ते एकाच दूरच्या सर्व्हरवर असतील तर त्यांची जोडही तिकडेच करून घेतली जाऊ लागली. परक्या दरबारी आपला वकील ठेवावा, त्याने आपला प्रश्न तेथील भाषेत मांडावा आणि उत्तर आपल्या भाषेत कळवावे, तसे परक्या तक्त्यांशी बोलणारे हे 'रॅपर' काम करते. मात्र हा वकील भिडस्त आहे. आपली अट तिकडे तंतोतंत त्याच अर्थाने समजली जाईल याची खातरजमा नसली, की तो ती अट पाठवीतच नाही. सगळ्या नोंदी, मूळ मांडणीप्रमाणे शंभर-शंभरच्या खेपांनी, इकडे ओढून आणतो आणि घरी निवड करतो. पृच्छा एकाएकी तासभर चालू लागली अशी तक्रार येते, तेव्हा बहुधा हेच कारण निघते, आणि ते शोधण्यास पृच्छेचा आराखडा उलगडून पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

त्याच्या या भिडस्तपणाला सबळ कारणे आहेत, आणि त्यांतील एक तर मराठी वाचकाच्या अगदी जिव्हाळ्याचे आहे. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा वर्ण 'ह' नंतर येतो. युनिकोडच्या अनुक्रमात मात्र तो 'ल' च्या लगेच पुढे बसविला आहे. आता दोन डेटाबेसांनी आपापल्या नावांच्या याद्या लावून दिल्या, एकाने मराठी क्रमाने आणि दुसऱ्याने सांकेतिक अंकांच्या क्रमाने, आणि जोडणाऱ्या यंत्राने दोन्ही याद्यांवर एकाच वेळी बोट फिरवीत जुळणी केली, तर 'ळ' असलेली नावे येतील तेव्हा एक बोट पुढे निघून गेलेले असेल आणि जुळणाऱ्या नोंदी न जुळताच सुटतील. चुकीची सूचना कोठेही उमटणार नाही. 'वऱ्हाडे' या आडनावाचा प्रकार याहूनही सूक्ष्म आहे. त्यातील अर्धा 'ऱ' युनिकोडमध्ये निदान तीन तऱ्हांनी टंकित होऊ शकतो: स्वतंत्र 'ऱ' घेऊन, साध्या 'र' ला नुक्ता देऊन, किंवा 'र' ला हलन्त करून त्यापुढे जोडणीचे अदृश्य चिन्ह ठेवून. डोळ्याला तिन्ही रूपे सारखी, आणि यंत्राला तीन निरनिराळी माणसे. पहिली दोन रूपे समान आहेत असे प्रमाणात नमूद आहे, परंतु ती समानता अमलात आणण्यासाठी कोणीतरी नावांचे प्रमाणीकरण करावयास हवे असते, आणि तिसरे रूप त्या प्रमाणीकरणातूनही निसटते. रोमन लिपीत नोंदलेल्या 'चौधरी' आणि 'दीक्षित' यांची वर्णने तर न करणेच बरे. ओरॅकल रिकाम्या अक्षरमालेला 'माहिती नाही' असे समजतो, पोस्टग्रेस या दोहोंत भेद करतो. म्हणजे मधले नाव मुळात नाही, आणि मधले नाव ठाऊक नाही, हे दोन निराळे अर्थ एका सीमेवर एकमेकांत मिसळून जातात.

अक्षरांहून अर्थ अधिक फसवा असतो. जमिनीच्या एका तक्त्यात 'क्षेत्र' या रकान्याखाली १.२० असे लिहिले आहे आणि दुसऱ्या तक्त्यातही १.२० असेच आहे. रकान्याचे नाव एक, अंक एक, दोन्हीकडे दशांश चिन्ह एक. पहिल्याचा अर्थ १ हेक्टर २० आर, म्हणजे १२,००० चौरस मीटर. दुसरा जुन्या चालीने लिहिला गेला आहे. तेथे त्याचा अर्थ १ एकर २० गुंठे, आणि एकराचे गुंठे चाळीस असल्यामुळे ती झाली दीड एकर जमीन, सुमारे ६,०७० चौरस मीटर. एका ठिकाणी ते चिन्ह शंभराच्या पटीत बोलते आणि दुसऱ्या ठिकाणी चाळिसाच्या. ही गोष्ट यंत्राला कोणत्याही व्याकरणावरून कळणार नाही. ती त्या गावचे दफ्तर लिहिणाऱ्याला ठाऊक असते आणि त्याने सांगितली तरच कळते. विषमतेवर अर्धीमुर्धीच मात झाली असे जे मी वर म्हटले, ते याच कारणास्तव.

विद्वानांनी या अर्थभेदावर एक मध्यस्थ सुचविला, जो विचारणाऱ्यापुढे सर्व दफ्तरांचा मिळून एकच सामाईक आराखडा ठेवतो. जिओ वीडरहोल्ड यांनी १९९२ मध्ये त्याची कल्पना विस्ताराने मांडली, आणि त्या दशकात स्टॅनफर्डमध्ये 'त्सिमिस', एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत 'इन्फर्मेशन मॅनिफोल्ड', आयबीएमच्या अल्मडेन केंद्रात लॉरा हास यांच्या नेतृत्वाखाली 'गार्लिक' असे प्रयोग झाले. सामाईक आराखड्यातील प्रत्येक तक्ता मूळ दफ्तरांवरून कसा बनतो ते लिहून ठेवावे, ही एक रीत. तिच्यात उत्तर देणे सोपे, पण नवे दफ्तर आले की जुन्या व्याख्या उस्तराव्या लागतात. उलट प्रत्येक मूळ दफ्तराचे वर्णन सामाईक आराखड्याच्या भाषेत करावे, ही दुसरी रीत. तिच्यात नवे दफ्तर सहज दाखल होते, पण पृच्छेची पुनर्मांडणी गणिताच्या दृष्टीने अतिशय कठीण वर्गात जाऊन पडते. अलीकडे फेसबुकमध्ये २०१२ साली आरंभिलेले 'प्रेस्टो', ज्याची एक शाखा २०२० च्या अखेरीपासून 'ट्रिनो' म्हणून ओळखली जाते, त्याने निरनिराळ्या साठ्यांवर एकच पृच्छा चालविणे नित्याचे करून टाकले; तथापि एकर आणि हेक्टर यांचा मेळ त्याच्याही हातचा नव्हे.

सर्व दफ्तरांच्या नकला एका ठिकाणी आणाव्यात आणि तेथेच काय ते विचारावे, हा दुसरा मार्ग. बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ मध्ये त्याचा आराखडा दिला, बिल इन्मन यांच्या १९९२ च्या ग्रंथाने 'डेटा वेअरहाउस' हा शब्द रूढ केला. रोजकीर्दीवरून रात्री खतावणी करावी, तशी दिवसभराच्या नोंदींची रात्री उचल करून, त्या शुद्ध करून कोठारात रचल्या जातात. वर्षावर्षांच्या तुलनेसाठी, धोरण ठरविण्यासाठी, हा मार्ग निःसंशय श्रेष्ठ आहे. मूळ यंत्रावर ताण पडत नाही, आणि एकर-हेक्टरचा मेळ घालण्याची जागा एकच राहते. पण नक्कल ही नक्कल होय. अस्सल दफ्तरात सकाळी बोजा चढला आणि नकलेवरून दुपारी जमीन निर्वेध असल्याचा दाखला दिला गेला, तर नुकसान होणारा मनुष्य तंत्रज्ञ नसतो. हल्ली मूळ डेटाबेसाच्या बदल-नोंदी क्षणोक्षणी पुढे पाठविण्याची व्यवस्था करून हे अंतर सेकंदांवर आणले जाते. तरी ज्या नकलेवरून हक्क ठरतो, तिच्यावर ती कोणत्या क्षणाची आहे हे छापलेले असलेच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

येथवर वाचण्याचा विचार झाला. एकाच व्यवहारात दोन डेटाबेसांत लिहावयाचे झाले म्हणजे मामला गंभीर होतो: एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याच्या आधी तार तुटली तर काय, हा तो प्रश्न. यावरील परिचित तोडगा जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये शब्दबद्ध केलेला दोन टप्प्यांचा कमिट. समन्वयक प्रथम सर्वांकडून कबुलायत लिहून घेतो की तुम्ही तयार आहात. सर्वांनी होकार दिला तरच दुसऱ्या टप्प्यात अंतिम हुकूम सुटतो. यात एक मर्मस्थान आहे. कबुलायत दिल्यानंतर आणि हुकूम सुटण्यापूर्वी समन्वयकच कोसळला, तर बाकीच्यांना पुढेही जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही; त्यांनी रोखून धरलेल्या नोंदी तशाच कुलूपबंद राहतात. म्हणजे पुण्यातील यंत्र बिघडले म्हणून नागपुरातील खिडकीवर माणसे तिष्ठतात. कोणते स्वतंत्र खाते ही ताबेदारी पत्करील? पोस्टग्रेसचा वर सांगितलेला वकील अनेक दूरच्या सर्व्हरांवर लिहिताना ही दोन टप्प्यांची हमी घेत नाही, हे पुष्कळांना अपघात घडल्यावर कळते.

महाराष्ट्रातील दस्तनोंदणी आणि फेरफार यांची सांगड येथे मुद्दाम पाहण्यासारखी आहे. दुय्यम निबंधकाकडे संगणकावर दस्त नोंदला गेला की त्याची वर्दी ई-फेरफार प्रणालीत जाते. परंतु त्या क्षणी सातबारा बदलत नाही. तलाठी फेरफाराची नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवसांचा अवधी राहतो, आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो किंवा रद्द करतो. दोन्ही डेटाबेस एका क्षणात एकदम बदलावेत, असा हट्ट येथे नाही. एकाने दुसऱ्यास कळवावयाचे, आणि दुसऱ्याने आपल्या कायद्याने, आपल्या वेळेत, आपला निर्णय घ्यावयाचा. मधल्या काळात दोन दफ्तरे दोन गोष्टी सांगतात हे खरे, पण ती तफावत उघड असते, तिला नोटिशीचा कागद असतो, आणि तिची मुदत ठरलेली असते. मला ही रचना दोन टप्प्यांच्या कमिटपेक्षा अधिक परिपक्व वाटते, कारण नोंदणी झाली म्हणजे मालकी सिद्ध झालीच असे नाही, हा कायद्याचा भेद ती तंत्राच्या सोयीसाठी पुसून टाकीत नाही.

स्वायत्तता राखूनही देशाचा कारभार एकत्र चालविता येतो, याचे उदाहरण एस्टोनियाने घालून दिले. १९९१ मध्ये पुन्हा स्वतंत्र झालेल्या त्या छोट्या राष्ट्राने २००१ साली एक्स-रोड नावाची व्यवस्था सुरू केली. तिच्यात मध्यवर्ती महाकोठार नाही. प्रत्येक संस्था आपला डेटाबेस आपल्याजवळ ठेवते. दुसरीने ठरावीक सेवेद्वारे ठरावीक प्रश्न विचारावयाचा. प्रश्न आणि उत्तर दोन्हींवर डिजिटल मोहोर उमटते व वेळेसह नोंद राहते. तीच माहिती गोळा करण्यासाठी दुसरा वेगळा डेटाबेस उभारण्यास तेथील कायद्याने मनाई आहे, आणि आपल्या माहितीची विचारपूस कोणी केली हे नागरिकास पाहता येते. याउलट आपल्याकडील पुष्कळ कचेऱ्यांत दोन सर्व्हर जोडताना सर्वाधिकारी वापरकर्त्याचे नाव आणि परवलीचा शब्द दुव्यातच कायमचा लिहून ठेवण्याची सवय माझ्या पाहण्यात आली आहे. त्यायोगे इकडच्या कनिष्ठ कारकुनाला तिकडचे कुलमुखत्यारपत्र आपोआप मिळते, आणि तिकडच्या नोंदवहीत प्रत्येक विचारणा त्या एकाच नावावर जमा होते. ज्याची विचारपूस झाली त्या नागरिकाशी हा अन्याय आहे, आणि तो टाळणे मुळीच कठीण नाही: इकडच्या प्रत्येक वापरकर्त्यास तिकडे स्वतंत्र व मोजकी सनद द्यावी, एवढेच.

दोन निरुपद्रवी दफ्तरे जोडली की एक अपायकारक दफ्तर तयार होऊ शकते, हे लटान्या स्वीनी यांनी १९९७ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये दाखवून दिले. राज्य कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी, नावे वगळून, संशोधनासाठी खुल्या केल्या गेल्या होत्या. स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी वीस डॉलरांना विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व टपालाचा विभागक्रमांक या तीन रकान्यांवर दोहोंची जोड केली. राज्यपाल विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे लोक शहरात सहा निघाले, त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या टपाल विभागात राहणारा एकच. राज्यपालांच्या दुखण्याचे सारे कागद उघडे पडले. आपल्याकडे २०१० च्या २९ सप्टेंबरला नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी पहिला आधार क्रमांक दिला गेला, आणि बारा अंकांचा हा क्रमांक सर्व दफ्तरांत सामाईक रकाना होऊ शकतो हे लवकरच दिसून आले. जोडीची जी सोय, तीच भीती. म्हणून २०१८ मध्ये सोळा अंकांचा आभासी क्रमांक आला, आणि ज्या संस्थांना खुद्द आधार क्रमांक साठविण्याची मुभा नाही, त्यांच्यासाठी एकाच व्यक्तीचे प्रत्येक संस्थेकरिता वेगळे असे ७२ अक्षरांचे टोकन योजण्यात आले. अशा दोन संस्थांनी आपल्या याद्या शेजारी मांडल्या तरी त्या टोकनांवरून जुळत नाहीत.

तथापि काही जोडण्या लोकहिताच्याच असतात. एखाद्या रोगाच्या नोंदी आणि मृत्यूच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्यावाचून उपचाराचे यश मोजता येत नाही. यासाठी दोन्ही पक्षांनी आपली यादी दुसऱ्यास न दाखविता सामाईक नावे तेवढी काढण्याची गणिती रीत आता उपलब्ध आहे: प्रत्येकाने आपली नावे आपल्या कुलुपात घालावी, मग एकमेकांच्या बंद पेट्यांना आपलेही कुलूप लावावे, आणि दुहेरी कुलुपातील पेट्याच एकमेकींशी ताडून पाहाव्यात; कुलुपे कोणत्याही क्रमाने लावली तरी एका नावाची पेटी अखेर एकसारखीच दिसते. हिशेब महाग आहे, पण साध्य आहे. मात्र तीन तऱ्हांनी टंकित झालेला 'वऱ्हाडे' या कुलुपांत शिरला की त्याच्या तीन सर्वस्वी निराळ्या पेट्या होतात, आणि बंद पेटीवरून शुद्धलेखन तपासण्याचा उपाय कोणत्याही गणितात नाही. ती नावे कुलुपात जाण्यापूर्वी, ज्याच्या त्याच्या दफ्तरातच, एका शिरस्त्याने लिहिली गेलेली असावी लागतात.